सोलापूरच्या गच्चीवर सेज: रब्बीच्या हिशेबानं लावायचं एक झुडूप

सेज म्हणजे स्वयंपाकात पानं वापरतात ते एक सुवासिक झुडूप. सोलापुरात ते जगत नाही, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. पहिलं रोप गेलं तेव्हा मलाही ते पटलं. एप्रिल-मे त्यानं जिन्याच्या आडोशाला काढला होता, पारा बेचाळीसच्या वर गेला तरी पानं हिरवी होती. आणि मग सप्टेंबरच्या तीन दिवसांच्या झडीत ते बुंध्यापासून काळं पडलं. उपटून पाहिलं तर मुळं कुजून मऊ झालेली आणि कुंडीतली काळी माती अजून चिखलासारखी. म्हणजे ज्या उन्हाची मी काळजी केली त्यानं त्याला काही केलं नव्हतं. रोप गेलं ते मातीत धरून राहिलेल्या पाण्यानं.

नंतर त्याचा मूळ मुलूख समजून घेतला आणि सगळं उलगडलं. सेज हा भूमध्य समुद्राकाठचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. चुनखडीच्या खडकाळ उतारावर, जिथं पाणी क्षणभर थांबत नाही, तिथं हे झुडूप आपोआप वाढतं. आपल्याकडे ऋतू उलटे: उन्हाळ्याच्या पाठोपाठ, हवा अजून उबदार असतानाच पाऊस, आणि त्यातही सोलापूरचा सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात. वर्षाचा एकूण पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण येतो तेव्हा धबाधबा येतो. म्हणून मी आता सेजला रब्बीचं पीक मानते. आपला जिल्हा मुळात रब्बीचाच. मालदांडी ज्वारी जशी पावसाळा सरताना पेरतात आणि ती थंडीत जमिनीतल्या ओलीवर पोसते, तसंच सेजचं वेळापत्रक ठेवलं की निम्मं काम झालं.

आधी रोप ओळखा

रोपवाटिकेत ‘साल्विया आहे का’ असं विचारलंत तर तुमच्या हातात लाल तुऱ्यांचं शोभेचं झाड पडेल. तेही त्याच कुळातलं, दिसायला सुंदर, पण स्वयंपाकाचं नव्हे. आपल्याला हवा तो साल्विया ऑफिसिनॅलिस. १७५३ मध्ये लिनियसनं हे नाव दिलं. साल्विया हा शब्द लॅटिनमधल्या ‘वाचवणे, बरं करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. आपली तुळस, पुदिना, सब्जा ही सगळी याच कुळातली भावंडं. चिया तर साल्विया याच प्रजातीतली.

दुसरी गफलत ओव्याच्या पानाशी होते, कारण दोन्हींना लव असते. ओव्याचं पान जाड, रसदार असतं, मोडलं की टचकन तुटतं. सेजचं पान लांबट, पातळ, राखाडी-हिरवं असतं आणि जवळून पाहिलं तर त्यावर बारीक खडबडीत जाळी दिसते. चुरगाळून वास घ्या: थोडा कापरासारखा, थोडा मिऱ्यासारखा, मागे किंचित कडवट. माझ्या सासूबाई त्याला राखाडी तुळस म्हणायच्या आणि ते नाव मला फार आवडतं. जांभळ्या पानांचा आणि पिवळ्या कडांचाही सेज मिळतो. तो नाजूक असतो, पहिल्यांदा साधाच लावा.

कुंडी आणि माती

या एका पायरीवर घाई करू नका, कारण सोलापुरात सेज मरतो तो बहुतेक इथंच. शेताची काळी माती कपाशीला आणि ज्वारीला सोनं आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. सेजला नेमका तोच गुण मारक. कुंडीत तर ती आणखी वाईट, ओली असताना चिखल आणि वाळली की वीट.

कुंडी मातीची घ्या, बारा इंची, तळाला किमान एक मोठं भोक असलेली. प्लॅस्टिकची काळी कुंडी गच्चीवर भट्टीसारखी तापते आणि बाजूनं श्वासही घेत नाही. मिश्रण असं करा: दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग जाडसर वाळू, एक भाग बागेतली साधी माती आणि एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. मुरूम आपल्याकडे कुठल्याही बांधकामाजवळ सहज मिळतो. त्यातली पावडर चाळून काढायची आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे ठेवायचे. पावडर राहिली तर तीच सिमेंटसारखी बसते.

मिश्रण जमलं की नाही ते असं तपासा. कुंडी भरा आणि तांब्याभर पाणी एकदम ओता. पाणी वर डबक्यासारखं न साचता लगेच मुरलं आणि मिनिटाभरात खालून ठिबकायला लागलं, तर ठीक. नाही तर कुंडी रिकामी करून मुरूम वाढवा. मी दुसऱ्या वेळी तीनदा रिकामी केली होती.

आपल्या मातीत चुनखडी असते, बोअरचं पाणी जड असतं, म्हणून बरेच जण घाबरतात. सेजच्या बाबतीत ही चिंता कमी करा. थोडी अल्कधर्मी माती त्याला चालते, त्याचं मूळ घरच चुनखडीचं. फक्त बोअरचं मचूळ पाणी सतत दिलं की कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो. तो दिसला की साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्यानं एकदा माती भरपूर धुऊन काढा, खालून पाणी वाहून जाऊ द्या आणि मग पुरती वाळू द्या.

केव्हा आणि कशापासून

दसरा ते दिवाळी हा मुहूर्त. परतीचा पाऊस संपलेला असतो, ऊन सौम्य होतं, रात्री गार व्हायला लागतात. नोव्हेंबर संपेपर्यंत चालतं. जानेवारीत लावलं तर मुळं धरेपर्यंत मार्च उजाडतो आणि कोवळं रोप थेट उन्हाळ्याच्या तोंडी जातं.

बियांपासून करायचं तर धीर हवा. बी मोहरीएवढं, गोल, काळपट असतं. ते अर्धा सेंटिमीटर खोल पेरायचं, त्याहून खाली नाही. अर्धं कोकोपीट आणि अर्धी वाळू भरलेल्या ट्रेमध्ये किंवा चहाच्या कागदी कपांना भोक पाडून त्यात. उगवायला दहा दिवस ते तीन आठवडे लागतात आणि उगवण एकसारखी होत नाही. जुनं बी तर फारच कमी उगवतं, म्हणून पाकिटावरची तारीख बघून घ्या. पेरलेल्यातलं निम्मं उगवलं तरी चांगलं समजा. चार-सहा खरी पानं आली की कुंडीत हलवा.

मला मात्र छाट कलम जास्त भरवशाचं वाटतं. कुणाकडे सेज असेल तर चार फांद्या मागा. माझ्या आत्ताच्या झाडाची आई पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या बाल्कनीत आहे. ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या फांद्या हुतात्मा एक्स्प्रेसनं चार-साडेचार तासांत घरी पोचल्या आणि त्याच रात्री लावल्या.

फांदी आठ-दहा सेंटिमीटरची, खालून नुकती ताठ होऊ लागलेली पण लाकूड न झालेली, आणि फूल नसलेली. पेराच्या अगदी खाली धारदार ब्लेडनं काप घ्या. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढून टाका, वर चार-पाच ठेवा. काडीनं वाळूत भोक पाडून त्यात फांदी बसवा आणि बोटांनी दाबा. भोक न पाडता खुपसली तर साल सोलली जाते. मुळं लवकर फुटावीत म्हणून लावतात ती पावडर नसली तरी चालतं. सोलापूरची थंडीतली हवा फार कोरडी असते, म्हणून वरून तळ कापलेली पाण्याची बाटली उलटी पांघरायची आणि तिचं झाकण उघडं ठेवायचं. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं बाटली काढून ठेवा, कारण लवेच्या पानांवर ओल धरली की ती सडतात. जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको. चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. ओढून बघू नका. शेंड्याला नवी पानं फुटली की मुळं आलीच समजा.

घरात मोठं झाड असेल तर दाब कलम आणखी सोपं. खालची फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत तिचा मधला भाग दाबायचा, वर दगड ठेवायचा. दीड-दोन महिन्यांनी मुळं धरली की मधून कापून वेगळं करायचं.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. पहिल्यांदा जिवावर येतं, पण खुडला नाही तर ते एका काठीसारखं वाढत जातं आणि खालून उघडं पडतं. खुडलं की बाजूनं दोन, मग चार फांद्या फुटतात आणि झुडूप भरतं.

पाणी: वाफसा येऊ द्या

शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. जमीन ना चिखल ना कोरडी, हाताला ओल लागते पण चिकटत नाही, ती अवस्था. सेजला पाणी द्यायचं ते वाफशाच्याही पुढे गेल्यावर. बोट दोन पेरं आत घाला, तिथंही कोरडं लागलं तरच द्या, आणि द्याल तेव्हा खालून निघेपर्यंत पोटभर द्या. रोज थोडं थोडं शिंपडणं हा सगळ्यात वाईट प्रकार, वर ओल राहते आणि खाली मुळं तहानलेली.

डिसेंबर-जानेवारीत माझ्या बारा इंची कुंडीला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड. तुमच्या गच्चीचं ऊन वेगळं असेल, तेव्हा आकडा पाठ करण्यापेक्षा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा. ज्यांच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यांना मी आवर्जून सांगते की पुदिना-कोथिंबिरीपेक्षा सेज तुमच्या घराला जास्त सोयीचा. थंडीत चार दिवस गावाला गेलात तरी तो वाट बघतो.

खत फार नको. ऑक्टोबरात मूठभर गांडूळखत आणि फेब्रुवारीत तेवढंच, बस. युरिया तर अजिबात नको. पानं मोठी, लुसलुशीत आणि बेचव होतात. थोड्या उपाशी झाडाच्या पानाला वास येतो.

मार्च ते जून

थंडीत सेजला दिवसाचं सहा तास तरी ऊन पाहिजे. मार्चच्या मध्यापासून मात्र त्याला पूर्वेच्या बाजूला आणा, जिथं सकाळी दहापर्यंत ऊन आणि नंतर भिंतीची सावली असेल. तशी जागा नसेल तर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. गच्चीचा स्लॅब दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही इतका तापतो आणि ती धग थेट मुळांना लागते, म्हणून कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. मे महिन्यात मी आणखी एक करते. कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवते, मधल्या जागेत वाळू भरते आणि फक्त ती वाळू ओली करते. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं मुळं गार राहतात.

या दिवसांत झाड वाढायचं थांबतं. पानं लहान, अधिक राखाडी होतात. ते आजारी नाही, थांबलेलं आहे. खत देऊन, छाटून, पाणी वाढवून त्याला उठवू नका.

पावसाळा

मृगाच्या आधी एक दिवस यासाठी काढा. खालची मातीला टेकलेली पानं काढा, मधल्या दाट फांद्या विरळ करा म्हणजे हवा खेळेल, आणि बुंध्याभोवती बोटभर जाडीचा बारीक खडीचा थर द्या. इतर झाडांना आपण पालापाचोळ्याचं आच्छादन घालतो, इथं ते घालायचं नाही, बुंध्यापाशी ओल धरते. मग कुंडी छज्जाखाली न्या, जिथं उजेड आणि वारा आहे पण पाऊस थेट पडत नाही. खाली बशी ठेवू नका. जून-जुलैत सोलापुरात बऱ्याचदा कोरडेच दिवस असतात आणि माणूस गाफील होतो. सप्टेंबरात मात्र डोळ्यात तेल घालून बघा.

पाणी देऊनही रोप मलूल दिसत असेल तर ती तहान नसते, मुळं सडायला लागलेली असतात. अशा वेळी आणखी पाणी घालू नका. ताबडतोब शेंड्याच्या निरोगी फांद्या कापून छाट कलमं करा. मूळ झाड बहुतेक वाचत नाही, पण वाण वाचतो.

कीड फारशी लागत नाही. उन्हाळ्यात लाल कोळी आणि पांढरी माशी, दाटीत पिठ्या ढेकूण, दमट हवेत भुरी. भुरी म्हणजे काय ते आपल्या द्राक्षवाल्यांना विचारा, तीच पांढरी पावडर. कोळ्यासाठी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा सकाळी मारला की बरंच काम होतं. नाहीच गेला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभर पानं खाऊ नका आणि मग धुऊनच घ्या.

तोडणी आणि वाळवण

पहिल्या हंगामात हात आखडता ठेवा, भाजीपुरती चार पानं. दुसऱ्या थंडीपासून मोकळेपणानं तोडा, पण एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. सकाळी दव उतरल्यावर आणि ऊन चढायच्या आत तोडलेल्या पानाला सगळ्यात चांगला वास असतो. फांदीसकट कापायचं तर हिरव्या, पानं असलेल्या भागातच कापा. खालच्या जून लाकडावर काप गेला तर तिथून पुन्हा फुटवा सहसा येत नाही. निळसर-जांभळी फुलं आलीच तर मधमाश्या येतात, फुलं खाताही येतात. पण वाळवणासाठी पानं फुलं येण्याआधीची घ्या.

वाळवणाच्या बाबतीत सोलापूरची हवा म्हणजे वरदान आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हवेत दमटपणा नसतो. उन्हात मात्र वाळवू नका, रंग आणि तेल दोन्ही उडतं. आतल्या खोलीत जुन्या सुती चादरीवर पानं एकेरी पसरा, वरून पातळ कापड टाका. आठवडाभरात पान मुठीत धरलं की चुरचुर मोडतं. सेजचं पान जाड लवेचं असल्यामुळे देठापाशी ओल राहते, तिथं मोडून बघितल्याशिवाय भरू नका. नाही तर बरणीत बुरशी येते. अख्खी पानं काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवा आणि वापरायच्या वेळीच चुरा. वर्षभर टिकतात.

स्वयंपाकात

सेजचा स्वाद स्निग्धात उतरतो, हे एक कळलं की बाकी सोपं आहे. चमचाभर तूप तापवा, पानं पुसून कोरडी करा, दहा-पंधरा सेकंद तळा. बुडबुडे थांबले की काढा. पानं पापडासारखी कुरकुरीत होतात आणि ते तूपही तेवढंच मोलाचं. कडक भाकरी मोडून त्यावर हे तूप, मीठ आणि वर ती पानं: आमच्या घरात संध्याकाळी सात वाजता हेच होतं. काळपट होईपर्यंत तळलं तर कडू होतं.

इटलीत भोपळा आणि सेज ही जुनी जोडी आहे, लोण्यात सेज परतून भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्यावर घालतात. आपण लाल भोपळ्याच्या फोडी तुपात, लसणाच्या दोन पाकळ्या आणि पाच-सहा सेजच्या पानांवर परताव्या. गूळ नको, मिरपूड पुरे. तिकडच्याच टस्कनीत पांढरा घेवडा सेज-लसूण घालून शिजवतात, त्या धर्तीवर ओल्या पावट्याची उसळ फार छान होते. उकडलेला बटाटा, अंडी, पनीर, सगळ्याशी जमतं. धपाट्यांच्या पिठात तीन-चार पानं बारीक चिरून घालून बघा, कोथिंबीर मग कमी करा. हुरड्याच्या दिवसांत कोवळा हुरडा सेजच्या तुपात नुसता परतला तरी पुरतो.

आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात मात्र घालू नका. खोबरं, दगडफूल, लाल तिखट यांच्यापुढे त्याचा आवाजच निघत नाही आणि पानं वाया जातात. मटण करायचंच तर सुकं, मिरी-लसणाचं, त्यात शेवटच्या दहा मिनिटांत. प्रमाण जपा: चार माणसांच्या भाजीला पाच-सहा ताजी पानं. वाळलेलं तिप्पट तीव्र लागतं, एक मोठा चमचा ताज्याच्या जागी एक छोटा चमचा.

औषध म्हणून, जपून

मध्ययुगातल्या युरोपात लोक म्हणत, ज्याच्या बागेत सेज आहे तो माणूस मरेलच कशाला? अंगणातल्या तुळशीवर आपला जसा भरवसा, तसा त्यांचा. घसा धरला की गुळण्यांसाठी मी तो वापरते: कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर वाळलेली पानं, दहा मिनिटं झाकून, गाळून, कोमट झाल्यावर. गुळणी करून थुंकायचं.

पण यात थुजोन नावाचं द्रव्य असतं आणि ते जास्त गेलं तर झटके येऊ शकतात. जेवणातल्या पानांनी काही होत नाही. रोज कपावर कप काढा पिणं वेगळं. गरोदर बायकांनी आणि अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी औषध म्हणून सेज घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईनंही टाळावा, कारण त्यानं दूध कमी होतं असं मानलं जातं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आणि बाजारात मिळणारं सेजचं सुगंधी तेल कुणीही, कधीही पोटात घेऊ नये.

तीन-चार वर्षांनी

कितीही जपलं तरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी बुंधा लाकूड होतो, मधून झाड उघडं पडतं आणि पानांचा वास उतरतो. म्हणून दर ऑक्टोबरात, वरची छाटणी करताना, चार फांद्या वाळूत लावून ठेवा. एक आपल्यासाठी, एक पहिली मेली तर तिच्या जागी. उरलेल्या दोन संक्रांतीपर्यंत मुळं धरतात, तिळगूळ द्यायला जाताना सोबत नेण्याइतपत. नेताना कपातल्या वाळूतच न्या आणि मुरमाचं माप तोंडी सांगून या, नाही तर ती लगेच काळ्या मातीत जाईल.